प्रत्येक टोकाला एकच खिळा

भास्कर, तुझ्या दहाव्यानंतर कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तुझे जुने विद्यार्थी बोलले, दोन प्राध्यापक बोलले, आणि शेवटी माझं नाव पुकारलं. बालमित्र, पुण्यातला खोलीतला सोबती, शिवाय दोन्हीकडून मेहुणा. माझ्याइतका तुला ओळखणारा दुसरा कोण होता? मी गळ्याकडे बोट दाखवलं, हात जोडले आणि बसून राहिलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. गळा चांगला ठणठणीत होता. पण माझ्या आधीचा प्रत्येक वक्ता सांगून गेला होता की सरांचं इथल्या मातीवर प्रेम होतं म्हणून ते मुंबईला गेले नाहीत. मी उभा राहिलो असतो तर एक तर त्यांना खोडून काढावं लागलं असतं, नाही तर पुन्हा एकदा खोटं बोलावं लागलं असतं.

तू मुंबईला का गेला नाहीस हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं मी ते कोणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही. तुला ते ठाऊक होतंच, तरी ते सांगणं माझ्याकडे लागत होतं.

लिहायला बसण्याआधी इंदूला विचारलं. तुझी बायको म्हणून, आणि माझी बहीण म्हणूनही. ती ओट्यावर गहू निवडत होती. म्हटलं, "भास्करचं थोडं लिहावं म्हणतो. जुनं. आपल्या लग्नांच्या वेळचं." तिने सुपावरून मान वर केली नाही. "लिही भाऊ," म्हणाली. "पण मले वाचून नको दाखवू."

पुण्याच्या वसतिगृहातली तुझी खोली आठवते. कॉटखाली कायम एक लाकडी पाट, त्यावर खिळे ठोकलेले, आणि कोपऱ्यात पतंगवाल्याकडून आणलेल्या बांबूच्या कामट्यांचा भारा. पतंगाला कमान करतात त्या कामट्या. पेर नसलेल्या, सारख्या तासलेल्या. खाणावळीच्या काकू तुला म्हणायच्या, "पाटील, पाट जेवायला असतो हो!" तू म्हणायचास, "काकू, जेवताना मी फरशीवर बसेन."

मला पदवी हवी होती आणि पदवीनंतर नोकरी. तुला कामटीचं काय होतं ते हवं होतं. कामटी वाकवली की ती वाटेल तो आकार घेत नाही, हे तू मला पहिल्यांदा दाखवलंस. जागोजागी ती किती वाकली आहे ते पाहायचं, त्या वाकण्याचा वर्ग करायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्याची बेरीज घ्यायची. टोकं आहेत तशीच ठेवून जितके आकार शक्य आहेत त्यांतून कामटी असा आकार शोधते की ही बेरीज कमीत कमी व्हावी. मी छातीठोकपणे म्हणालो होतो, तो वर्तुळाचा तुकडा असणार. तू हसलास. "सगळे असंच म्हणतात. कामटीला विचारून बघ."

त्या उन्हाळ्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तुझ्याकडे असोद्याला आलो होतो. निंबाला झोका बांधला होता आणि गावातल्या माहेरवाशिणी, पोरी आळीपाळीने झोके घेत होत्या. तू मला सांगत होतास की वाकलेल्या कामटीचं समीकरण आणि झोक्याचं समीकरण एकच निघतं. झोक्यात जशी वेळ पुढे जाते तसं कामटीवर अंतर पुढे जातं. झोका वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तशी कामटी एका जागी सर्वांत जास्त वाकते आणि मग सैल होत जाते. तू झोक्याकडे बोट दाखवून हे सगळं समजावत होतास, आणि मी झोक्यावर कोण आहे ते बघत होतो. ती तुझी बहीण कमल होती.

"कळलं का?" तू विचारलंस.

"कळलं," मी म्हणालो. तू माझ्याकडे पाहिलंस, मग झोक्याकडे, आणि म्हणालास, "गाढवा, तुला दुसरंच काहीतरी कळलंय."

मी घरी जामनेरकडे परतलो आणि आईकरवी आबांच्या कानावर घातलं. माझे वडील सरळ हो म्हणणारे नव्हते. त्यांनी नानांना, म्हणजे तुझ्या वडिलांना, निरोप धाडला: तुमची कमल आम्हाला, आमची इंदू तुम्हाला. साटंलोटं. नानांना त्यात वावगं वाटलं नाही. आपल्याकडे तेव्हा कोणालाच वाटत नसे. तुला एवढ्यात लग्न करायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी तुझ्याकडे आलो. तू म्हणालास, "तोंड का पाडलंयस? करायचंच आहे कधीतरी. तुझ्या बहिणीशी केलं तर निदान तुला आयुष्यभर साला म्हणता येईल."

"मीही तुला म्हणणार."

"म्हण की. दोन्ही बाजूला साला. समीकरण बरोबर आहे."

अशी आपली लग्नं एका मांडवात लागली. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि लग्नात कोणीतरी त्यावर भाषणही केलं होतं. मला धुळ्याला नोकरी लागली, तुला जळगावला. मी धुळ्यात खोली घेतली होती, पण सून जामनेरकडच्या घरीच राहील असं आबांनी ठरवलं होतं. मी सुट्टीत जायचो.

साटंलोट्यात काय असतं हे मला लग्नानंतरच्या आखाजीला समजलं. दोघी सासरवाशिणी एकाच दिवशी माहेरी जायच्या. असोद्याहून एक गाडी निघायची, आमच्याकडून एक, आणि नेरीला चिंचेखाली दोन्ही गाड्या भेटायच्या. इंदू त्या गाडीतून उतरून आमच्या गाडीत, कमल आमच्या गाडीतून तुमच्या गाडीत. बैलांना पाणी पाजायचं, गूळ-शेंगदाणे खायचे आणि आपापल्या वाटेला लागायचं. मला गंमत वाटली होती. दुसऱ्या वर्षी इंदूला ताप होता. तुमची गाडी रिकामी आली, निरोप घेऊन. आबा गाडीवर होते. त्यांनी निरोप ऐकून घेतला आणि बैल उलटे फिरवले. कमल गाडीत बसलेली होती, माहेरच्या गाडीपासून हाताच्या अंतरावर. मी म्हणालो, "आबा, इंदू आजारी आहे." ते म्हणाले, "असंल. आपली आली नही, त्यांची जानार नही." कमलने पदर तोंडात धरला होता. घरी येईपर्यंत तिने तो काढला नाही.

हे मी आबांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. ते जे करत होते ते दहा गावांत होत होतं. त्या चिंचेखाली मी काय शिकलो एवढंच सांगतो आहे.

पुढच्या वर्षी कमल पहिल्या बाळंतपणाला असोद्याला आली आणि त्याच सुमारास तुझं मुंबईचं निघालं. तिथल्या एका प्राध्यापकांनी तुझं अर्धं झालेलं काम पाहिलं आणि तुला बोलावलं. दोन-तीन वर्षं राहायचं, एकट्यानेच, कारण वसतिगृहात बायकोला जागा नव्हती. जळगावची नोकरी सोडायची. तू एकुलता एक मुलगा. केळीची बाग, कपाशी, नानांचं वय. नानांनी मात्र एकदम नाही म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं तू मला सांगितलंस, आणि सांगताना तुझा चेहरा उजळला होता: "नाना म्हणतात, त्यात खरंच काही असेल तर जा. नुसता खेळ असेल तर घर मोडू नको."

इकडे आबांच्याही कानावर ते गेलं. मी कमलला आणि बाळाला आणायला निघालो तेव्हा ते दारात उभे होते.

"ते मुंबईले चालले असतील तं आपली इंदू गाडीत बसवून आन. नवऱ्याबगर तठी राहून काय करंल ती? अन् सुनेले तठीच राहू दे."

"आबा, लेकरू आपलं आहे."

"पोरगी हाये ना? राहू दे."

नेरीपर्यंतच्या वाटेवर मी दोनदा गाडी थांबवली. पुढे जाववत नव्हतं आणि मागे फिरलो असतो तर काय सांगणार होतो? तू गेलास तर माझी बायको आणि पाहिलीही नाही अशी मुलगी असोद्यात राहणार. इंदू कायमची घरी येणार. तू राहिलास तर सगळं जागच्या जागी. मी गाडीत बसून स्वतःला समजावत होतो की निर्णय नानांचा आहे, माझा यात काय संबंध?

तुमच्या ओट्यावर नाना होते, शेजारचे सोपानकाका होते, आणखी एकदोघं. जावई आला म्हणून गूळपाणी झालं. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. मी उठलो, तर नाना म्हणाले, "बसा जवाईबापू. लेकरू कुठी पळत नही. पहिले एक सांगा." त्यांनी तुझा पाट पुढे ओढला.

पाटावर तुझा प्रयोग होता. प्रत्येक टोकाला दोन खिळे, जवळजवळ ठोकलेले, आणि त्या दोघांच्या फटीतून कामटी घट्ट बसवलेली. त्यामुळे टोक जागचं हलत नव्हतंच, पण त्याची दिशाही बदलू शकत नव्हती. कामटी डावीकडून चढत निघायची, मध्यात खाली उतरायची आणि पुन्हा चढत उजव्या टोकाला पोचायची. सरपटता साप दिसावा तशी. बोटाने ढकललं तरी परत तशीच होऊन बसायची. तुझा दावा होता की वाकण्याची बाजू मध्ये एकदाच बदलली तर असा आकार टिकू शकतो आणि तीनदा बदलली तर कधीच टिकणार नाही. पहिलं पाटावर दिसत होतं. दुसऱ्याची सिद्धता अर्ध्यावर होती.

नाना म्हणाले, "हा म्हनतो, हे वाकडं असंच राहते, अन् हेच पाहासाठी मुंबईवाले याले बोलावता. मले त्यातलं कळत नही. तुम्ही त्याच्याइतकेच शिकेल. पोराच्या हातचं नको, तुमच्या हातानं करून दाखवा. राहत असंल तं जाऊ दे त्याले."

तू खांबाला टेकून उभा होतास. हसत होतास. तुला काय भीती होती? परीक्षक मी होतो.

मी कामटी काढली. हातोडी मागितली. नवी जागा म्हणून पाटाच्या रिकाम्या बाजूला खिळे ठोकले. डावीकडे एक. उजवीकडे एक. कामटीच्या टोकांना भोकं होती, ती खिळ्यांत अडकवली.

एक खिळा असला की टोक जागेवर राहतं, पण खिळ्याभोवती फिरू शकतं. मग ते वेगळंच गणित होतं. पुण्यात तू मला किती वेळा बजावलं होतंस, "रघू, आधी टोकं कशी धरलीत ते विचार, मग आकाराचं बोल." मला ते माझ्या नावाइतकं पाठ होतं. मी चुकलो नाही, भास्कर. लोक अशा वेळी म्हणतात, चूक झाली, भान राहिलं नाही. माझं भान पूर्ण जागेवर होतं. डावा खिळा ठोकल्यावर मी दुसरा खिळा उचलला होता, त्याच्या शेजारी ठोकायला. आत बाळ पुन्हा रडलं. मी तो खिळा उजवीकडे नेला.

दोन्ही हातांच्या बोटांनी मी कामटीला तुझा आकार दिला आणि सोडली. ती उसळली आणि साधी कमान होऊन थरथरत राहिली.

"घ्या!" सोपानकाका मांडीवर थाप मारून म्हणाले. "भास्करची मुंबई उडाली टन्कन!" सगळे हसले.

नाना हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हंजे नही राहत?"

"नाही राहत," मी म्हणालो.

मग मी वर पाहिलं. तू पाटाकडे बघत होतास. दोन खिळे, इकडे एक, तिकडे एक. तू एक शब्द बोलला असतास तरी पुरे होतं. तेवढ्याने सगळं उलटलं असतं. तू माझ्याकडे पाहिलंस, मग आतल्या दाराकडे. तिथे उंबऱ्याशी इंदू उभी होती आणि तिच्यामागे बाळाला घेऊन कमल. तू खांबापासून बाजूला झालास, पाट उचललास आणि आत ठेवून आलास.

तू का बोलला नाहीस? आबांची अट तुला आधीच कळली होती का? बहिणीसाठी गप्प बसलास, की इंदूसाठी, की ज्याला तू मित्र समजत होतास त्याला चारचौघांत खोटं ठरवणं तुला जमलं नाही? चाळीस वर्षं मी यातली कधी एक, कधी दुसरी शक्यता धरून बसलो. कुठल्याच शक्यतेत मला बाहेर पडायला वाट नव्हती.

त्याच दुपारी मी बायको-मुलीला घेऊन निघालो. कमल गाडीत बसल्यावर बाळाला तूच तिच्या हातात दिलंस. मला म्हणालास, "वाटेत खड्डे आहेत. सांभाळून ने."

पुढची वर्षं माझी चांगली गेली. हे लिहायला नको वाटतं, पण ते खरं आहे. आबांनंतर कमल धुळ्याला माझ्याकडे आली, मुलं शिकली, आम्ही दोघं म्हातारे झालो. आमचं भांडण झालं आणि कमल रुसून बसली की तिच्याकडे पाहताना मला वाटायचं, ही इथे रुसून बसली आहे ती भास्करमुळे. तुझे उपकार मी रोज जेवलो. तिला मी कधी सांगितलं नाही. काय सांगणार होतो? कमल, तुला ठेवून घेण्यासाठी तुझ्या भावाला अडकवला? आणि इंदूला काय सांगायचं, तुझा नवरा तुझ्याजवळ राहिला तो कसा राहिला? तुझी माफी मागायची तर आधी या दोघींचा संसार उघडा करावा लागत होता. मी तो आडोसा धरून राहिलो. आडोसा म्हणून तो सोयीचाही होता, हे आता कबूल करतो.

तू कामट्या सोडल्या नाहीस. इंदू एकदा मला म्हणाली होती, "पोरांचे पतंग फाटता, अन् बाप कामट्या गोळा करतो." आणि साठ सालाच्या आधीच्या एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तू धुळ्याला आलास, हातात पिशवी, कपाळावर घाम, आणि दारातच म्हणालास, "झालं." आमच्या घरमालकीणबाई बाहेर वाळवण घालत होत्या. तू खडू घेऊन त्यांच्या स्वच्छ फरशीवर बसलास आणि आकार काढायला लागलास. "हाई काय शे मास्तर?" त्या ओरडल्या. "पोरखेळ शे का बठ्ठा?" तू म्हणालास, "हो बाई, पोरखेळच आहे. पुसून देतो." आणि पुढचा आकार काढलास.

दिवसभर मी तुझी सिद्धता तपासली. बाजू तीनदा बदलत असेल तर कामटीला थोडं असं हलवता येतं की बेरीज कमी होते. म्हणून तो आकार टिकूच शकत नाही. कुठे फट सापडते का, हे मी फार मन लावून शोधलं. का शोधत होतो ते तुला कळलं असेल. सापडली नाही.

"पाठव कुठेतरी," मी म्हणालो.

"कोणाला? ते प्राध्यापक केव्हाच परदेशी गेले. आणि आता माझी भाषा जुनी झाली रे. वर्गात तेच तेच शिकवून दुसरं काही वाचणं झालंच नाही." मग तू फरशी पुसलीस. खरंच पुसलीस, ओल्या फडक्याने, बाई नको नको म्हणत असताना.

मी तुला स्टँडवर सोडायला आलो. जळगावची गाडी लागायची होती. तू उसाचा रस घेतलास, मला दिलास, आणि समोर बघतच विचारलंस, "रघू, तुला तेव्हाच पटलं होतं ना?"

इतक्या सरळ विचारलंस. आवाजात राग नव्हता. मला वाटतं, मी नुसती मान हलवली असती तरी तुला पुरलं असतं.

"तेव्हा मला शंका होती," मी म्हणालो.

तू ग्लास खाली ठेवलास. "शंका असणं चांगलं," म्हणालास. गाडी आली, तू खिडकीत बसलास आणि गाडी हलेपर्यंत माझ्याशी केळीच्या भावाबद्दल बोललास.

ओट्यावरचं खोटं मी भीतीने बोललो. स्टँडवर मला कशाची भीती होती? कोणी कोणाला परत पाठवणार नव्हतं. आबा गेले होते, नाना थकले होते. तिथे मी फक्त स्वतःला वाचवलं. पहिल्यासाठी तू मला माफ केलं असशील असं कधी कधी वाटतं. दुसऱ्यासाठी तसं वाटून घ्यायचीही माझी हिंमत होत नाही.

त्यानंतर आपण पुष्कळ भांडलो. पाठ्यपुस्तकांवरून, मुलींच्या लग्नांवरून, नवीन गणित जुन्यापेक्षा बरं की वाईट यावरून. तू प्रत्येक वेळी माझ्याशी तावातावाने वाद घातलास. त्या एका गोष्टीवर मात्र पुन्हा कधी नाही. मी वाट बघत राहिलो की तू एकदा तरी चिडशील.

गेल्या महिन्यात तुला जळगावच्या दवाखान्यात ठेवल्याचं कळलं. कमल दोन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे मी एकटाच निघालो. मनाशी वाक्य जुळवत आलो होतो. तू उशीला टेकून बसला होतास, हाडं दिसत होती, पण डोळे तेच. इंदू मोसंबं सोलत होती. मी तिला म्हटलं, "जरा चहा बघतेस का?" तिने माझ्याकडे पाहिलं, मोसंबं ताटलीत ठेवलं आणि गेली. खोलीत आपण दोघंच उरलो.

"भास्कर," मी म्हणालो. "त्या दिवशी ओट्यावर..."

तू डोळे माझ्यावर ठेवलेस. थांबवलं नाहीस. हात वर केला नाहीस. विषय बदलला नाहीस. थांबून राहिलास, माझ्याच बोलण्यासाठी. मी ताटलीतली मोसंब्याची फोड उचलली. म्हणालो, "त्या दिवशी ओट्यावर सोपानकाका काय हसले होते, नाही?"

तू डोळे मिटलेस. मग म्हणालास, "धुळ्याची गाडी किती वाजता आहे तुझी?"

इंदू चहा घेऊन आली. मी तो उभ्यानेच घेतला आणि "येतो" म्हणून निघालो.

परतीच्या गाडीत, एरंडोल जवळ आलं तेव्हा, वाक्य पूर्ण झालं. मी ते मोठ्याने म्हणालो, खिडकीकडे तोंड करून: "भास्कर, तुझं बरोबर होतं, आणि मला ते तेव्हाच ठाऊक होतं. मला माफ कर."

शेजारी पारोळ्याकडचा कोणी शेतकरी बसला होता. तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवत माझ्याकडे वळला. "काय म्हनी राह्यनात आबा? मन्हासंगे बोलनात का?"

"नाही," मी म्हणालो.